पाव किलो कापूस

पिंजाऱ्याकडे पाव किलो कापूस मागितला, तेव्हा त्याने आधी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "पाव किलोनी गादी? बाहुलीनी से का?" म्हटलं, स्पीकरमध्ये भरायचाय. त्यावर तो काही बोलला नाही. तागडीत टाकताना पोऱ्याकडे बघून हसला तेवढं मला दिसलं.

स्पीकरच्या पेट्या सेलेस्टियन कंपनीच्या, मॉडेल डिटन 15, इंग्लंडच्या. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं एक कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. त्यांच्याकडून 1998 साली साडेतीन हजारांत घेतल्या आणि सुरत पॅसेंजरने अमळनेरला आणल्या. धरणगावला चढलेल्या एका मावशींनी त्यावर मेथीची टोपली ठेवली, ती अमळनेर येईपर्यंत काढली नाही.

समोरून पाहिलं तर या पेटीत दोन वुफर, म्हणजे खालच्या सुरांचे मोठे गोल स्पीकर, दिसतात. खरा एकच. दुसऱ्याला चुंबक नाही, कॉईल नाही, वायरसुद्धा जात नाही. थर्माकोलच्या जातीचा एक पडदा रबरी कडेवर बसवलेला. कंपनी त्याला ऑक्झिलरी बास रेडिएटर म्हणते, मी मुका म्हणतो. खरा वुफर आत गेला की पेटीतली हवा दाबली जाते आणि ती हवा मुक्याला बाहेर ढकलते. खालचे सूर बरेचसे त्याच्याच जिवावर. म्हणजे पेटी हवाबंद नसेल तर मुका खरोखरच मुका.

तपासायला काही यंत्र लागत नाही. वुफरच्या कोनावर, म्हणजे हलणाऱ्या पडद्यावर, चार बोटं पसरून हलकेच आत दाबायचं. मुका बाहेर आला पाहिजे आणि सावकाश मागे गेला पाहिजे. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास करून पाहिलं, तर डावीकडचा बाहेर यायचा आणि लगेच जागेवर. आमच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, लाकडाचे सांधे उघडायला दुसरं कारण लागत नाही. खर्जातला एक सूर लावून ठेवला आणि उदबत्ती पेटवून सांध्यांवरून फिरवली. मागच्या कोपऱ्यात धूर फुर्रकन उडाला. तिथे फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा. वुफरच्या कडेखालची पट्टीही कडक होऊन तडकली होती, तिथे दाराला लावतात ती मऊ रबरी पट्टी.

खरा घोळ पेटी उघडल्यावर दिसला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने आतलं मूळ अस्तर काढून सोफ्याचा फोम कोंबला होता. तो फोम उकाड्याने आणि दमटपणाने विरून गेलेला, गुळाच्या खड्यासारखा बोटाला चिकटत होता. सगळा खरवडून काढला. आता भरायचं काय? मापाचं अस्तर मागवायला मुंबई-पुणं करावं लागलं असतं. आणि मी बसलोय खान्देशात, कापसाच्या ढिगावर.

माळ्यावर आजीच्या वेळची गादी होती. तिच्यातला कापूस काढून दोन्ही पेट्या ठासून भरल्या. किती म्हणाल तर मोजला नाही, चूक तिथेच. तबल्याचा डग्गा लावला, तर घुमारा गायब. कुणी उशीवर थाप मारतंय असं. कापसाचं काम मला पुस्तकातून माहीत होतं. हवा दाबली की तापते, तंतू ती उष्णता शोषून घेतात, हवा जरा मऊ पडते आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. कागदावर ही वाढ फार तर 1.4 पट, प्रत्यक्षात बरीच कमी. पण ठासला की तोच कापूस हवेला हलूच देत नाही. आयटीआयमध्ये वीस वर्षं पोरांना 'आधी मोजा, मग हात घाला' सांगणारा मास्तर मी!

अर्धा काढला. आता डग्गा बोलायला लागला, पण उजव्या पेटीतून प्रत्येक खालच्या सुराला टिक टिक. कॉईल घासतेय असं समजून दोन दिवस डोकं पिकवलं, मीटर लावला. कॉईलचा रोध साडेसहा ओहम, अगदी ठीक. शेवटी मुका काढला, तर त्याच्या मागे एक सरकी! गादीच्या कापसातली. ही चहा घेऊन आली होती, तिने ती उचलून तुळशीच्या कुंडीत टाकली. "उगवली तर तुम्हीच पाणी घाला."

म्हणून पिंजाऱ्याकडे गेलो, स्वच्छ पिंजलेल्यासाठी. पेटीमागे सव्वाशे ग्रॅम, मलमलच्या पातळ पिशवीत शिवून. तंतू सुटून कॉईलच्या फटीत गेला तर मोठंच दुखणं. पिशवी मागच्या भिंतीला लागून, मुक्याच्या मागे मोकळी जागा. आतल्या सूर वाटून देणाऱ्या सर्किटातल्या कपॅसिटरलाही हात घातला. जुने इलेक्ट्रोलिटिक जातीचे दोन्ही पेट्यांत वेगवेगळं माप दाखवत होते, म्हणून प्लास्टिक फिल्मचे टाकले. नव्यांचा अंगचा रोध कमी, त्यामुळे ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, करकरायला लागला. एक ओहमचा रेझिस्टर ओळीत जोडल्यावर शांत झाला.

मी ऐकतो जळगाव आकाशवाणीच्या बातम्या. गाण्याला कान लवकर फसतो, माणसाच्या आवाजाला नाही. बातम्या देणारा गृहस्थ छातीतून बोलतो की पिंपातून, ते पहिल्या वाक्यातच कळतं. परवा छातीतून बोलला. उजवीकडे मात्र 'भ' आणि 'घ' थोडे फुगतात. तिथला वीस ग्रॅम कापूस वाढवून बघायचाय, पण पुन्हा पिंजाऱ्याकडे वीस ग्रॅम मागायला जाण्याचं धाडस अजून झालेलं नाही.