मुद्दाम ठेवलेलं भोक

मे महिन्यातली दुपार आणि नळस्टॉपचा सिग्नल. (हो, नळस्टॉपच.) मीटरवर तापमानाचा लाल दिवा लागला आणि गुडघ्यापाशी रेडिएटरचा पंखा घरघरायला लागला. पंखा लागण्यात विशेष काही नाही, मेमध्ये पुण्यात कुणाचाही लागतो. पण त्याच्या झळेबरोबर एक वास आला, गोडसर, थोडा औषधी. ज्यांच्या बाइकला रेडिएटर आहे त्यांना हा वास वेगळा सांगावा लागत नाही. कुलंट, म्हणजे रेडिएटरमधून फिरत इंजिन गार ठेवणारं पाण्याचं मिश्रण, कुठेतरी गरम लोखंडावर पडतंय.

गाडी बाजूला घेतली, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत लावली आणि इंजिन बंद केलं. यानंतर करायचं असतं ते म्हणजे काहीच न करणं. आणि तेच रस्त्यावरच्या लोकांना बघवत नाही. एक जण म्हणाला, प्लग बघा. एकाने पेट्रोल आहे का विचारलं. एका सद्गृहस्थांनी स्वतःची बिसलेरीची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "ओता इंजिनवर, होईल गार." त्यांना हात जोडले. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की तो तडकतो, हे मला फार लहानपणी कळलेलं आहे. शिकवलं एका एसटीच्या ड्रायव्हरने.

चिपळूणहून कऱ्हाडला जाणारी लाल गाडी कुंभार्ली घाटात हमखास तापायची. हमखास म्हणजे इतकी, की आजी त्या हिशेबानेच दशम्या बांधून घ्यायची. अर्धा घाट चढून झाला की ड्रायव्हर गाडी डोंगराच्या कडेला घ्यायचा, कंडक्टर मागच्या चाकाला दगड लावायचा, आणि सगळी गाडी खाली उतरायची. बायका आडोसा शोधायच्या, पुरुष विड्या शोधायचे, आम्ही पोरं करवंदं. "मास्तर, कॅन आणा," असं ड्रायव्हरने म्हटलं की खाकीतला कंडक्टर तेलाचा जुना कॅन घेऊन झऱ्याकडे निघायचा. पाणी यायचं, पण ओतायचं नाही. ड्रायव्हर त्या कॅनशेजारी उकिडवा बसून तंबाखू मळायचा. कुणी घाई केली तर मान वर न करता म्हणायचा, "ब्लॉक तडकला तर तुम्ही देनार का?" मग कधीतरी उठून चार पदरी फडकं झाकणावर टाकायचा, झाकण अर्धंच फिरवायचा आणि तोंड बाजूला करून थांबायचा. फुस्स. ते फुस्स संपलं की उरलेलं झाकण. मग इंजिन चालू ठेवून बारीक धारेने पाणी.

आजीला यात काही नवल वाटायचं नाही. उन्हातून आलेल्याला तीही आल्या आल्या पाणी देत नसे. आधी बस, गुळाचा खडा तोंडात टाक, मग तांब्या. माणूस आणि एसटी यांच्यात ती फरक करत नव्हती.

आपल्याकडे बाइकला रेडिएटर असणं ही त्या मानाने अलीकडची गोष्ट. २००८ला यामाहाची आर-फिफ्टीन आली, २०१२ला पल्सरची २०० एनएस आणि चाकणमध्येच तयार होणारी केटीएमची ड्यूक २००. तेव्हापासून कॉलेजच्या पोरांच्या तोंडी कुलंट हा शब्द सहज बसला. त्याआधी बाइक म्हणजे सिलिंडरभोवती पत्र्यांसारखे पंख आणि समोरून येणारा वारा. माझा एक मित्र अजून जुनी बुलेट चालवतो. माझी गाडी कुठेही उभी दिसली की तो मुद्दाम थांबतो आणि म्हणतो, "पाणीच नाही तर गळणार काय?" त्याच्या गाडीखाली ऑइलचा कायमचा डाग असतो, तो मोजायचा नाही.

तर गळती. गळती सापडली असं म्हणायला मजा येते, पण ती शोधायला त्याहून जास्त मजा येते. हा माझा जुना विक्षिप्तपणा. दुरुस्तीपेक्षा निदानावर माझा जीव. रोज कुलंटची रिझर्व्हची बाटली बघायची. पातळी खालच्या रेघेच्याही खाली. भरली, की परत खाली. जमिनीवर मात्र थेंब नाही. मग हे जातं कुठे?

पहिली भीती हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ पट्टीची. ते गेलं असेल तर पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि काचेतून दिसणारं ऑइल दुधाळ होतं, किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो, तो गाडी गरम झाली तरी थांबत नाही. दोन्ही नव्हतं. मग रेडिएटरचं झाकण. या झाकणाला लोक निव्वळ झाकण समजतात. त्याच्या स्प्रिंगमुळे आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त दाब राहतो, म्हणून आतलं मिश्रण शंभर अंश ओलांडलं तरी उकळत नाही, एकशे वीसपर्यंत तग धरतं. (मोकळ्या भांड्यातलं साधं पाणी महाबळेश्वरला पंचाण्णवच्या आसपासच उकळतं. तिथला भात म्हणूनच वेळ घेतो.) गरम गाडीचं झाकण उघडलं की तो दाब एका क्षणात जातो आणि उकळलेलं सगळं तोंडावर येतं. एसटीचा ड्रायव्हर तोंड बाजूला करायचा ते यासाठी. स्प्रिंग मऊ पडली की गाडी लवकर उकळते. झाकण स्वस्त असतं, बदलून पाहिलं. पातळी उतरतच राहिली.

मग रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवायला सुरुवात केली. सोसायटीच्या वॉचमनला वाटलं, मांजरासाठी असेल. सकाळी पुठ्ठा वाचायचा. काळपट डाग म्हणजे ऑइल. पेट्रोल डाग ठेवत नाही, नुसता वास ठेवतं. आणि एका सकाळी पुठ्ठ्याच्या कडेला, वाटाण्याएवढा, फिकट हिरवा थेंब. बरोबर वर मान घातली तर वॉटर पंपाच्या, म्हणजे कुलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, पोटाला एक बारीक भोक, आणि भोकापासून खाली वाळलेल्या कुलंटचा पांढरट-हिरवा ओघळ. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. दिवसा गळत होतं ते गरम केसिंगवर जागच्या जागी वाळत होतं. जमिनीपर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता.

शेजारचे काका वाकून बघायला आले. "एमसील लाव आणि विसरून जा." या काकांनी सोसायटीची टाकी, गच्चीचा पाइप, स्वतःच्या मिक्सरचं भांडं, सगळं एमसीलने बुजवलं आहे. गळणं बंद म्हणजे प्रश्न बंद, असं मानणारी एक अख्खी पिढी आहे आणि तिच्या प्रत्येक घरात फ्रिजच्या वर एमसीलचं अर्धं वापरलेलं, दगड झालेलं पाकीट असतं.

गॅरेजवाले मामा ते ऐकून हसले. "साहेब, भोक कंपनीनेच ठेवलंय. मुद्दाम." मग त्यांनी जुना पंप उघडून दाखवला. दांडा एकच, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला इंजिनचं ऑइल. पाण्याला अडवायला एक सील, ऑइलला अडवायला दुसरं, आणि दोघांच्या मध्ये बोटभरही नसलेली रिकामी जागा. पाण्याचं सील झिजलं तर पाणी या रिकाम्या जागेत येतं आणि भोकातून बाहेर पडतं; ऑइलचं झिजलं तर ऑइल. भोक बुजवलं तर पाण्याला जायला वाट उरत नाही, ते दुसऱ्या सीलला दाबत राहतं आणि एक दिवस ऑइलमध्ये उतरतं. मग दुधाळ ऑइल, बेअरिंग, क्रँक, बिल. थोडक्यात, ते भोक गळत होतं तोवर सगळं ठीक होतं.

मला त्या भोकाचं फार कौतुक वाटलं. ज्या कुणा इंजिनिअरने पहिल्यांदा हे केलं असेल त्याने आधीच मान्य करून टाकलं होतं, की सील झिजणारच. प्रश्न फक्त कळणार कसं हा. यावरून मला माणसांबद्दल काहीतरी सुचत होतं, काकांबद्दलही, पण तेवढ्यात मामांनी खालचा बोल्ट सैल केला आणि मी ते विसरलो.

बोल्ट निघाला की आधी एक बारीक धार येते. वरचं झाकण उघडलं की हवा मिळते आणि सगळं भसकन खाली. घमेल्यात सुंदर हिरवा रंग जमला. मामांनी सॉकेट टेकवून नवं सील हलक्या हाताने बसवलं, बोल्टला नवा तांब्याचा वायसर घातला, तयार मिश्रण भरलं. मग एअर काढण्याचा कार्यक्रम. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, हौज पाइप हाताने दाबत राहायचं. आत कुठेतरी गुळूक होतं, एक बुडबुडा येतो, पातळी बोटभर उतरते, वरून पुन्हा भरायचं. बुडबुडे थांबेपर्यंत. हवा अडकून राहिली तर नवं सील, नवं कुलंट असूनही गाडी तापते आणि मग सगळे पंपाला शिव्या देतात.

हे चालू असताना गॅरेजमधल्या बारक्याने घमेलं उचललं आणि गटाराकडे निघाला. मामा ओरडले. मी त्यांना इतकं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. बारक्या जागीच थांबला.

कुलंट चवीला गोड असतं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, आणि ते विष आहे. कुत्री चाटतात. मांजराला चहाचा एक चमचा पुरतो; आधी झिंगल्यासारखं चालतं, मग जरा बरं दिसतं, आणि तोवर मूत्रपिंडं गेलेली असतात. मामांच्या गॅरेजवर पूर्वी एक कुत्री होती. तिच्याबद्दल ते एवढंच म्हणाले, "होती."

काळं ऑइल भंगारवाला पैसे देऊन नेतो. हे कुणी फुकटही नेत नाही. मागच्या भिंतीला पाच-पाच लिटरचे कॅन लावून ठेवलेत, झाकणं घट्ट, वर खडूने फुल्या. त्यात आता एक माझा.