नाही म्हणाले

मंगळवार, रात्रीचे 11

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे गेलं. त्याचं काही नाही, दिसतंय तेवढं पुरतंय. पण दुपारपासून एक शब्द डोक्यातून जात नाहीये.

फिटनेससाठी ईसीजी काढला, तर त्या मुलीने पट्टी दोनदा काढली. मग डॉक्टरांनी ती समोर धरून दाखवली. प्रत्येक ठोक्याच्या उंच सुळक्याआधी एक बारीक टेकडी असायला हवी, ती कुठेच नव्हती. आणि दोन सुळक्यांमधलं अंतर एकाचं दुसऱ्याशी जुळेना. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत! जिना चढताना दम लागायचा, तो मी वयाच्या नावावर टाकला होता.

मग प्रश्नच प्रश्न. बीपी किती वर्षं? 11. गोळी चुकते? चुकते, गावी गेले की हमखास. वजन 78. साखर काठावर. थायरॉइडचं रक्त लगेच द्या. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, कारण त्यातून झडप खराब झालेली असू शकते. दारू, तंबाखू. घरात कुणाला? आईला अर्धांग झाला होता हे सांगितलं. तिची नाडी धरून आक्का म्हणाली होती, "उड्या मारतेय गं..." जाऊ दे ते.

आणि शेवटी, "घोरता का? झोपेत श्वास मध्येच थांबतो असं कुणी सांगितलंय?"

मी म्हणाले, नाही.

का म्हणाले? बाकी सगळं खरं सांगितलं, चुकलेल्या गोळ्यासुद्धा. आणि हेच का नाही?

हे म्हणायचे, "तू झोपेत बुडी मारतेस. एकदम सगळं शांत. मी मोजत बसतो, आणि मग फुस्सकन वर येतेस." मला राग यायचा. एकदा तर चार दिवस आतल्या खोलीत झोपले होते मी. त्या चार दिवसांत ह्यांना झोप लागली नाही. मला वाटलं होतं, माझ्या रुसण्यामुळे.

संध्याकाळी मेधाशी फोनवर बोलले. ती म्हणाली, घसा मिटला की रक्तातला प्राणवायू उतरतो, छाती जोर लावून श्वास ओढते, त्या ओढीत हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि रात्रीचं बीपीही चढतं. वर्षानुवर्षं असंच होत राहिलं की ठोके बिघडायला वाट मिळते. म्हणजे हे मोजत होते ते हेच.

आता कोण मोजणार? रात्री मी वर येते की नाही ते बघायला या घरात कुणी नाही. दुपारी तोंडातून नाही निघालं ते बहुतेक याचमुळे. हो म्हटलं असतं तर पुढे "कुणी सांगितलं?" आलं असतं, आणि मला "सांगायचे" म्हणावं लागलं असतं. ते भूतकाळातलं क्रियापद त्या खुर्चीत बसून उच्चारता आलं नसतं.

पण खोटं उत्तर फाइलमध्ये गेलंय, ते बरं नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, तिथली गुठळी मेंदूकडे गेली की आईसारखं होतं. ती जोखीम चारचौघांच्या पाचपट. डॉक्टरांच्या तक्त्यात माझे 2 गुण झाले: बीपीचा 1, बाई असण्याचा 1. श्रावणात 65 पूर्ण झाली की आणखी 1 मिळेल. वय काही मागे जायचं नाही, आईही बदलता येणार नाही. बीपीची गोळी मात्र माझ्या हातात आहे. वजनही. 8 किलो उतरवा, ठोक्यांनाही फरक पडेल, असं ते म्हणाले. आणि झोपेची तपासणी करून घेता येते. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. एक रात्र यंत्र मोजेल.

रक्त पातळ करण्याची रात्रीची गोळी साडेआठला घेतली. सकाळची डब्यात काढून ठेवली आहे.

शुक्रवारी रिपोर्ट घेऊन जायचंय. फाइलच्या पुठ्ठ्यावर आतून पेन्सिलीने लिहून ठेवलं, म्हणजे तिथे पुन्हा जीभ अडखळली तर नुसतं पुढे सरकवता येईल: घोरते. श्वास थांबतो. ह्यांनी पुष्कळदा सांगितलं होतं.