गुरुवारी सातनंतर या

सांगलीकर माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. नळदुरुस्तीवाला असो, सुतार असो नाहीतर मांडववाला, "उद्या होईल का हो?" म्हटलं की "करूया की, त्यात काय एवढं!" हे ठरलेलं. आपणही निश्चिंत होऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन केला तर "निघालोच ताई, कॉलेज कॉर्नरला पोचलोय," आणि मागे कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात. कॉलेज कॉर्नरला कुकर कुणी लावला, असं विचारायचा मोह होतो, पण मग तो आलाच नाही तर? म्हणून आपणही गप्प बसतो.

याला सगळे लबाडी म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. लबाड माणसं असतात, नाही असं नाही. पण असली बरीचशी आश्वासनं भिडेपोटी दिली जातात. दारात आलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड कशाला पाडायचं, म्हणून हो म्हणून टाकायचं. त्या घडीला दोघंही खूश. मंगळवारी शब्द मोडला म्हणून आपण चिडतो, पण तो शनिवारी दिला तेव्हाच मोडका होता.

आमच्या विश्रामबागेत ब्लाउज शिवणाऱ्या एक मावशी आहेत. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला कालनिर्णय. कापड दिलं की त्या पावती फाडतात, कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं पावतीला लावतात आणि उठून कालनिर्णयाशी जातात. तिथी, चंद्रोदय, संकष्टी या सगळ्या गर्दीत उरलेल्या जागेत पेन्सिलीनं बारीक अक्षरात नाव लिहितात. चौकोनात सहा नावं झाली की त्यावर तिरकी रेघ. रेघ पडली की विषय संपला.

"सोमवारी नाही जमायचं. गुरुवारी सातनंतर या."

"मावशी, एकच आहे हो. साधाच, अस्तरसुद्धा नकोय."

"सगळ्या एकच आणतात."

एवढं बोलून मशीन सुरू. लग्नसराईत कितीतरी बायका तिथून फणफणत बाहेर पडताना मी पाहिल्यात. "एवढा कसला माज!" म्हणत त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या दुकानात जातात. तिथं त्यांना सोमवारच काय, रविवारसुद्धा मिळतो. आणि पुढच्या लग्नाला त्याच बायका मावशींच्या पायरीवर चपला काढत असतात. गुरुवारी सातला गेलं की ब्लाउज दांडीला टांगलेला असतो, हुक लावलेले, उरलेलं कापड घडी करून पिशवीत. सहाला गेलात तर मात्र "अजून हातशिलाई राह्यलीय" म्हणून बाहेर बसवतात. गोड बोलणं नाही, चहा नाही. तरी त्यांच्याकडं रांग असते.

आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ५५ व्या कलमात म्हटलंय की वेळेला महत्त्व आहे असं दोन्ही बाजूंनी धरलेलं असेल आणि काम वेळेत झालं नाही, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. आता वरमाईचा ब्लाउज लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिळाला, तर ती रद्द काय करणार? लग्न? असल्या बाबतीत कायद्यापेक्षा कालनिर्णयाची रेघ जास्त उपयोगी पडते.

शब्द वेळेवर पाळला तर काय होतं, हे बघायचं तर आमच्या आत्याच्या गावाला, पलूसकडं जावं. तिथं महिना तीस दिवसांचा नसतोच, दहा दिवसांचा असतो. डेअरीचं दूधबिल दर दहा दिवसांनी निघतं आणि सगळं गाव त्या तालावर चालतं. आत्याच्या दोन म्हशी. किराणा दुकानदार वहीत लिहून ठेवतो, पेंडवाला लिहून ठेवतो, पिठाची गिरणी लिहून ठेवते. भिशीचा हप्तासुद्धा बिलाच्या दुसऱ्या दिवशी. "बिल झालं की देते" एवढ्या चार शब्दांवर तेल, साखर आणि सरकीपेंड घरात येते, आणि त्यासाठी आत्यानं कधी कुठं सही केलेली नाही. किराणावाल्याला आत्याच्या स्वभावाची खात्री आहे का? असेल थोडीफार. खरी खात्री बिलाच्या तारखेची आहे. ते बिल एकदा चार दिवस पुढं गेलं होतं, तेव्हा आत्यापासून तेलाच्या ठोक व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांनी एकमेकांना तेच वाक्य ऐकवलं, आणि गिरणीवाल्यानं पहिल्यांदाच "जरा बघा की" असा निरोप धाडला. आत्याला पैशांपेक्षा त्या निरोपाचं जास्त लागलं.

उसाला हे सुख नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायचा, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तरी हंगाम आला की थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं होतातच, आणि ती आता कुणाला बातमीही वाटत नाही. द्राक्षवाल्यांची तर आणखी वाईट गत. बाहेरचा व्यापारी येतो, बागेत उभा राहून भाव ठरवतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो, तिसऱ्या गाडीनंतर त्याचा फोन बंद. पहिल्या दोन गाड्या वेळेवर फेडायच्या त्या तिसरीसाठीच. मावशींना हे जमलं नसतं, त्यांना गोड बोलताच येत नाही.

बेदाण्याच्या बाजारानं मात्र यावर आपल्यापुरता उपाय काढलाय आणि तो मला फार आवडतो. सांगली-तासगाव ही बेदाण्याची मोठी पेठ. सौद्याला गेलात तर बॉक्स उघडून ठेवलेले, व्यापारी मूठभर बेदाणा उचलणार, रंग बघणार, दाबून बघणार आणि हातातला तसाच भिरकावणार. या उधळणीवरून शेतकरी कायम तक्रार करतात, आणि बरोबर करतात, कारण जमिनीवर पडलेला प्रत्येक दाणा त्यांच्या वजनातून जातो. सौदा होतो उधारीवर. खरेदीदार अडत्याला देणार, मग हिशेब पुढं सरकणार. वर्षभरात कोण कुणाचं किती देणं लागतो याचा गुंता व्हायला वेळ लागत नाही. म्हणून दरवर्षी दिवाळीच्या आधी साधारण महिनाभर सौदेच बंद ठेवतात. याला झिरो पेमेंट म्हणतात. सगळ्यांनी सगळ्यांचं देणं मिटवून खातं शून्यावर आणायचं, आणि ज्याची बाकी राहील त्याला दिवाळीनंतरच्या सौद्यात उभं राहू द्यायचं नाही. कोट्यवधींची उलाढाल करणारी पेठ स्वतःच महिनाभर शटर ओढून हिशेब करत बसते! कुणाच्या सज्जनपणावर सोडलेलं नाही, आणि तरी उरलेले महिने तोंडी भावावर व्यवहार चालतात. मला वाटतं, ते महिने चालतात ते या एका महिन्यामुळेच.

हळदीचीही एक गोष्ट इथं सांगायला हवी. हरिपूरला जमिनीत खोल पेवं असायची. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत ऐसपैस पोट. हळद भरून तोंड लिंपून टाकलं की माल कीड न लागता राहायचा. मालक निवांत घरी, हळद जमिनीखाली, आणि आत काय आहे हे पेव फोडल्याशिवाय दिसणार नाही. पेववाल्यावर विसंबल्याशिवाय हे चालणं शक्यच नव्हतं. २००५ च्या महापुरात कृष्णा-वारणेचं पाणी पेवांत शिरलं आणि फार मोठं नुकसान झालं. आता हळद गोदामात आणि कोल्ड स्टोअरेजमध्ये असते, गेटवर कॅमेरा असतो.

कुपवाड एमआयडीसीत माझा एक मित्र आहे. लेथ आणि दोन सीएनसी मशीन, सात-आठ माणसं. मोठ्या कंपन्यांना जॉब करून देतो. त्याला माल द्यायला एक दिवस उशीर झाला तर दंड कापतात, आणि त्याचे पैसे मात्र नव्वद दिवसांनी. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मी हे मोठ्या हुशारीनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर तू देणार काय?"

नाही म्हणणं त्यालाही जमत नाही. म्हणून त्यानं वेगळीच युक्ती काढली. काम एकोणीस तारखेला होणार असेल तर तो तेवीस सांगतो, आणि वीसलाच माल पोचवून शाबासकी घेतो. मला ही युक्ती काही रुचली नाही. मावशी गुरुवार म्हणतात तेव्हा त्यांच्या मनातही गुरुवारच असतो, याचं तेवीस म्हणजे नुसताच अंदाज. पण दोन वर्षं त्याचं बरं चाललं होतं. परवा एका जुन्या गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, "तुमची तेवीस म्हणजे एकोणीस ना? मग आमची गाडी एकोणीसलाच सकाळी पाठवतो."

आता पुढच्या वेळी सत्तावीस सांगावी की खरंच एकोणीस, यावर त्याचा विचार चाललाय. मी त्याला मावशींचा पत्ता दिलाय.