मालकाचा रकाना

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या बहुतेकांनी आभाळ पेटलेलं पाहिलं. मी नाही पाहिलं, मी आत जेवत होतो. पोलीस पाटलांचा फोन आला, "साहेब, इमान जळत चाल्लं जी." लगेच दुसरा फोन, मग तिसरा. लाडबोरीला लोखंडी रिंग पडल्याची बातमी थोड्याच वेळात व्हॉट्सॲपवर आली. सुमारे तीन मीटर व्यासाची, चाळीसेक किलो वजनाची. मी पटवारी; लाडबोरी माझ्या साझ्यात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, नाही, म्हणून मी निवांत झोपलो.

आमच्याकडे एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. बाया पहाटेच टोपली घेऊन निघतात. वाघाची भीती असते, तरी निघतात. त्यातल्याच एकीला दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाळी धानाच्या बांधीत काळा गोळा दिसला. मी पोहोचलो तोवर निम्मं गाव बांधीत उतरलेलं होतं. कोतवाल काठी घेऊन ओरडत होता आणि पोरं गोळ्यावर पाय ठेवून फोटो काढत होती. आत इंधन उरलेलं असेल, काही विषारी असेल, हा विचार एकाच्याही डोक्यात नव्हता. आपल्या लोकांना साप दिसला तर दहा हात लांब पळतील. पण आभाळातून पडलेल्या वस्तूला हात लावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

आता पंचनामा. आम्हा पटवाऱ्यांचं निम्मं आयुष्य पंचनाम्यात जातं. गारपीट, पूर, जळालेला तणसाचा ढीग, पडलेली भिंत. प्रत्येकाचा साचा ठरलेला आणि मदतीचा दरही ठरलेला. वीज पडून माणूस गेला तर वारसाला चार लाख, हे गावातल्या पोरालाही पाठ आहे. गोळ्यासाठी साचा नव्हता. मी कोऱ्या कागदावर सुरुवात केली. गट नंबर, भोगवटादाराचं नाव, चतुःसीमा, दोन पंच. गोळ्याचं अंतर धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, टेपने मोजून टाकलं, कारण धुरा हलत नाही आणि उद्या जागेवरून वाद झाला तर तोच कामी येतो. (बरेच जण झाडापासून मोजतात. झाड तोडलं की पंचनामा हवेत.) गोल वस्तूला टेप कसा लावणार? सुतळी फिरवून परीघ घेतला, बावीस सप्तमांशाने व्यास काढला, दीड फुटाच्या आसपास आला. मोहफुलं विकत घेणाऱ्याचा काटा आणून वजन केलं. एवढ्या मोठ्या गोळ्याच्या मानाने तो फारच हलका निघाला. वरचं वेष्टण जळून त्याचे काळे धागे सुटले होते, म्हातारीच्या विस्कटलेल्या केसांसारखे. खाली धातू. जमिनीत खड्डा जेमतेम वीतभर. एवढ्या उंचीवरून आलेली वस्तू आणि खड्डा एवढासाच, हे पंचांना पटेना. एक पंच तर म्हणाला की हे रात्री कोणीतरी आणून ठेवलं असेल.

पटण्यासारखं उत्तर मला नंतर वाचून मिळालं. अशा गोळ्यांत दाबाखाली वायू भरलेला असतो, टाकीतलं इंधन इंजिनाकडे ढकलायला. कवच बहुधा टायटेनियमचं, ते वितळायला सोळाशे अंशांच्या वर तापमान लागतं, त्यावर कार्बनच्या धाग्यांचं वेष्टण. बाकीचं रॉकेट जळून जातं, हे उरतं. शिवाय आतून पोकळ असल्यामुळे हवाच त्याचा वेग मारते. उल्का सेकंदाला अकरा किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येते. कक्षेतून खाली येणारं रॉकेट आठच्याही आत, आणि तेही तिरपं, म्हणून ते दिवे आभाळात इतका वेळ रेंगाळताना दिसले. त्या रात्री मात्र टीव्हीवर कोणी उल्का म्हणत होतं, कोणी न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेलं रॉकेट. अंतराळातल्या वस्तूंची नोंद ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. म्हणजे वर्षभर तो आमच्या डोक्यावर फिरतच होता.

गर्दीत एक म्हातारे आजोबा होते. त्यांना १९७९ आठवत होतं. अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळस्थानक पडणार म्हणून तेव्हा गावोगाव घबराट होती, ते पडलं ऑस्ट्रेलियात. आजोबा म्हणाले, "तवा सांगून आलं नाही, आता न सांगता आलं."

ज्याची बांधी होती तो शेतकरी शांत होता. गोळा उचलून पोलीस ठाण्यात न्यायची वेळ आली तेव्हा तो पुढे आला. "माह्या बांधीत पडलं, मंग ते माहं नाही का जी?"

मी गडबडलो. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ चा कायदा आहे; दहा रुपयांवरचं असेल तर कळवावं लागतं. जमिनीखालचं सगळं इंग्रजांनी लिहून ठेवलं. वरून पडणाऱ्याचं काय, ते आमच्या कपाटातल्या एकाही पुस्तकात नाही. मी पंचनाम्यात ‘मालक : अज्ञात’ लिहिलं, त्याची सही घेतली. त्याला प्रत हवी होती, तीही दिली.

मग तो दुसरं बोलला. गोळ्याने त्याचं काहीच बिघडवलं नव्हतं. पण बघायला आलेल्यांनी अर्धा एकर उभं धान तुडवलं होतं. मी नुकसानीचं क्षेत्र मोजलं आणि कारणाच्या रकान्यात ‘बघ्यांची गर्दी’ असं लिहून पाठवलं. वरून निरोप आला, असं कारण यादीत नाही, ‘निरंक’ लिहा. यादीत नसलेली गोष्ट घडलीच नाही असं मानणारे वरिष्ठ मला पुष्कळ भेटले, पण इतक्या झटपट मानणारे हेच पहिले.

आठवड्याभराने इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तालुक्यातले तुकडे घेऊन गेले. त्यांच्या दृष्टीने प्रकरण संपलं. मी मात्र रात्री मोबाइलवर करार वाचत बसलो. १९६७ च्या अंतराळ कराराच्या आठव्या कलमात सरळ लिहिलंय की अंतराळात पाठवलेली वस्तू पृथ्वीवर परत आली तरी तिची मालकी बदलत नाही. म्हणजे मालक होता. अज्ञात नव्हता. १९७२ च्या दुसऱ्या करारात तर जमिनीवर नुकसान झालं तर प्रक्षेपण करणारा देश जबाबदार, चूक असो वा नसो. सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडात पडला, आत अणुभट्टी होती. कॅनडाने दावा लावला आणि १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलर घेतले.

अर्धा एकर धानासाठी कोण दावा लावणार? आणि धान तर आपल्याच माणसांनी तुडवलं. गोळा पडला नसता तर गर्दी आली नसती, हे बरोबर. पण गर्दी गोळ्यामुळे झालेलं नुकसान की नाही, हे मला करारात कुठे सापडलं नाही. आमच्या एका वकील मित्राला विचारलं, तो आधी हसला आणि मग गप्प बसला.

तो शेतकरी अजून भेटतो. मध्ये त्याने पंचनाम्याची प्रत घडी घालून आणली होती. त्याला कुठून तरी चीनचं कळलं होतं. "मंग इथं मालकाचं नाव टाका ना जी." मी सांगितलं, नोंदीत दुरुस्ती करायला अर्ज लागतो. आणि मालकाच्या नावाची दुरुस्ती मालकाच्याच अर्जावर होते.