पिस्तूल दोन शनिवारांत ठरलं, परमिटला पाच महिने लागले

२०१२ च्या सँडी वादळात घरात वीज नाही आणि पंपावर पेट्रोल नाही असे दिवस काढल्यावर आमच्या चार घरांनी न्यू जर्सीत पाणी, शिधा, जनरेटर यांची सामाईक तयारी ठेवली. पिस्तूल मात्र यंदा घेतलं. चौघांनी एकच मॉडेल घ्यायचं हे पक्कं होतं, म्हणजे एकाची मॅगझिन (पिस्तुलात सरकवायची गोळ्यांची पेटी) आणि सुटे भाग दुसऱ्याला चालतात आणि सरावही एकत्र होतो.

निवडलं ते ग्लॉक कंपनीचं मॉडेल १९, पाचवी पिढी म्हणजे पाचवी आवृत्ती, ९ मिमी. ही काडतुसं जवळपास प्रत्येक दुकानात असतात आणि गोळी सुटल्यावरचा धक्का नवख्यालाही सोसतो. मुठीमागचे तुकडे बदलून लहान-मोठ्या हातांना पकड जुळवता येते. डावखुऱ्यांसाठी मॅगझिन सोडायचं बटण उलट्या बाजूला लावता येतं. पिढी एकच घ्या. चौथ्या आणि पाचव्या पिढीचं बॅरल (नळी) किंवा ट्रिगरचे भाग एकमेकांत चालतील असं धरू नका. ग्लॉक १७ या मोठ्या मॉडेलचं लांब मॅगझिन १९ मध्ये चालतं, १९ चं आखूड १७ मध्ये चालत नाही. आणि इथे मर्यादा १० गोळ्यांची आहे, त्यामुळे मूळचं १५ चं मॅगझिन दुसऱ्या राज्यातून आणू नका.

आता परमिट. इथे प्रत्येक पिस्तुलाच्या खरेदीला वेगळं परमिट लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, बोटांचे ठसे दिले जातात, मग तो गावच्या पोलीस खात्याकडे जातो. कायद्यात रहिवाशासाठी ३० दिवस लिहिले आहेत. माझा अर्ज सात आठवडे एकाच जागी पडून होता आणि खिडकीवर दर वेळी एकच उत्तर मिळायचं, ‘पेंडिंग.’ काय पेंडिंग, ते कुणी सांगेना. अडकलं होतं ते संदर्भ देणाऱ्या दोघांपाशी. नात्यातली नसलेली दोन माणसं द्यावी लागतात आणि त्यांना ईमेलने प्रश्नावली जाते. एकाची स्पॅममध्ये पडली होती. दुसऱ्याने उघडून अर्धी भरली, पण ‘सबमिट’ दाबलंच नव्हतं. दोन्ही उत्तरं आल्याशिवाय फाइल हलत नाही आणि हे कळवणारा एक फोनही येत नाही, याचा मला अजून राग आहे. म्हणून अर्जाच्या आदल्या दिवशीच दोघांना फोन करा, ईमेल आयडी अक्षर अक्षर वाचून घ्या, दुसऱ्या दिवशी स्पॅम बघायला लावा आणि उत्तर पाठवल्याची पोच मागा.

नावाचंही सांभाळा. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर कधी ते गळतं. लायसन्सप्रमाणे नाव लिहा आणि बाकीची रूपं ‘इतर नावे’ या रकान्यात भरा. घर बदललं असेल तर अर्जाआधी लायसन्सवरचा पत्ता बदलून घ्या. परमिट हातात आलं की ९० दिवसांत वापरा. सबळ कारण दिलं तर आणखी ९० दिवस वाढवून मिळू शकतात. ३० दिवसांत एकच पिस्तूल घेता येतं.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. चौघांचे पैसे एकाकडे देऊन त्याच्या नावावर चार पिस्तुलं घेऊ नका. दुकानात भरायच्या ४४७३ या केंद्र सरकारच्या फॉर्मवर ‘खरा खरेदीदार मीच’ असं लिहून द्यावं लागतं आणि ते खोटं ठरलं तर संघराज्याचा गुन्हा होतो. ग्रीन कार्डवाल्यांना अडचण नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना शिकारीच्या वैध लायसन्ससारखा अपवाद नसेल तर पिस्तूल बाळगता येत नाही; रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, दुसऱ्याचं हातात घेणंही त्यात धरलं जातं. आमच्या गटातल्या एकाला म्हणून थांबावं लागलं.

रेंजवर पकड सैल राहिली की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खाचेत अडकते. मनगट ताठ ठेवलं की बहुतेक वेळा हे थांबतं. साफसफाईसाठी ग्लॉकचे भाग सुटे करताना ट्रिगर दाबावाच लागतो, म्हणून क्रम चुकवू नका: पिस्तुलाचं तोंड सुरक्षित दिशेला, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली तर एक गोळी निघते आणि दुसरी आत जाऊन बसते.