आमची वाटचाल : चार पुतळ्यांपासून तळ्यापर्यंत

सोलापूर पायी दाखवायचं काम सुरू केलं तेव्हा फेरी किल्ल्यापासून निघायची. दीड तास बुरूज आणि खंदक पाहून लोक दमायचे, चार पुतळ्यांपाशी येईपर्यंत निम्म्यांचं लक्ष नाश्त्यावर. मग क्रम उलटा केला. आता सकाळी साडेसहाला चार हुतात्मा पुतळ्यांपाशी जमायचं, किल्ला नंतर.

इथे वीस मिनिटं जातात आणि ती लागतातच. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० ला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले. पोलीस शहराबाहेर निघून गेले, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नव्हता. १२ मेला लष्करी कायदा आला, तिरंगा लावणं हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली ती येरवड्यात. सोलापुरात झाली असं सर्रास सांगितलं जातं, अगदी इथली माणसंसुद्धा. आमच्याकडे नवीन आलेल्या वाटाड्याची परीक्षा याच प्रश्नाने होते.

पुढे इंद्रभुवन. अप्पासाहेब वारदांनी बांधलेला हा वाडा, पुढे महापालिकेचं कार्यालय झाला. नक्षी बघायची तर समोरच्या बाजूने, जरा लांब उभं राहून. जवळ गेलं की मान दुखते आणि दिसत काही नाही.

भुईकोट किल्ला बहमनी काळातला. दुहेरी तट, बाहेरचा बुटका आणि आतला उंच. पहिला तट पडला तरी शत्रू आतल्या तटाच्या माऱ्यात सापडावा, हा हिशेब. तटातले दगड निरखून पाहा. मध्येच एखादा कोरीव दगड आडवा-तिडवा बसवलेला सापडतो, तो जुन्या देवळाचा. बोट न दाखवता लोकांनाच शोधू द्यावा, हे आम्ही उशिरा शिकलो. तटावरून तळं आणि त्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ दिसतं, पण सकाळी ऊन डोळ्यांवर येतं. फोटो हवा असेल तर संध्याकाळच्या फेरीला या. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून आलेल्याला वर चढू देत नाही.

गट बाराचाच. पंधरा झाले की मागचे तीन ऐकतच नाहीत, आणि भोंगा लावला की आजूबाजूचे वैतागतात. एप्रिल-मे मध्ये नऊच्या आत फेरी संपवतो. पारा चाळिशी ओलांडतो, आणि काळा दगड त्याआधीच तापलेला असतो. माणशी एक लिटर पाणी, टोपी. एरवी फेरी तीन तासांची, शेवट तळ्याच्या काठावर.

सेटलमेंट या वस्तीची फेरी मात्र वेगळी ठेवली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मानेच गुन्हेगार ठरवली. इथे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, वस्तीचं नाव राहिलं. ही राहती घरं आहेत, म्हणून सहाच माणसं, कॅमेरा बंद, आणि वस्तीतलंच कुणी बोलायला तयार असेल तरच.

संक्रांतीच्या आठवड्यात बुकिंग घेत नाही. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी असते, तळ्याकडचे रस्ते बंद होतात. तेव्हा पैसे देऊन आमच्यामागे चालण्यात अर्थ नाही. गावभरच्या अडुसष्ट शिवलिंगांना निघालेल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे जत्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांच्या, मागे चाला, जुनं गाव आपोआप पायाखालून जातं.