देवगड डाव्या हाताचं, कोकम उजव्या हाताचं

दहावीची परीक्षा संपली आणि दुसऱ्याच आठवड्यात बाबांनी मला कणकवलीला टायपिंगच्या क्लासला घातलं. साल १९९८, कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली, आणि बाबांचं ठाम मत की आता इकडे नोकऱ्याच नोकऱ्या निघणार. (निघाल्या किती ते जाऊदे.) क्लास म्हणजे कापडाच्या दुकानावरचा माळा, वर पत्रे, खाली सात मशिनी, त्यातल्या एकीचा 'एम' दमट हवेत कायम अडकायचा. जूनमधे पाऊस लागला की पत्र्याचा आवाज कुठला आणि मशिनीचा कुठला ते कळायचं नाही.

पहिले १५ दिवस नुसतं ए-एस-डी-एफ. मग सरांनी हाताने लिहिलेला एक कागद दिला, त्यात लांबलचक इंग्रजी शब्द, पण असे निवडलेले की एका शब्दातली सगळी अक्षरं एकाच हाताखाली यायची. करंगळीत जोर नसतो म्हणून हा व्यायाम. अर्थ विचारला की सर म्हणायचे, "अर्थ डिक्शनरीत बघ, बोटं मशिनीवर ठेव."

डाव्या हाताचा पहिलाच शब्द स्टुअर्डेसेस. १२ अक्षरं आणि उजवा हात मांडीवर गप्प. मी चार पानं भरून स्टुअर्डेसेस मारले आणि ते काय असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणजे घरात एसटीच्या पलीकडे कोणी कशात बसलेलं नव्हतं तर हवाई सुंदरी कुठून कळणार. मग एक्झॅजरेटेड, ११ अक्षरं, तिखटमीठ लावून सांगितलेलं. आणि रिव्हर्बरेटेड, परत १२, म्हणजे घुमला, हा मात्र पत्र्याखाली बसून लगेच समजला.

उजव्या हाताचे शब्द त्यामानाने बुटके. लॉलीपॉप, मिनिमम, ओपिनियन, मोनोपोली. मक्तेदारी हा शब्द एकाच हाताने टाइप होतो हे मला अजूनही फार आवडतं. उजवे शब्द बुटके असण्याचं कारण साधं आहे, इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारा 'ई' डावीकडे, शिवाय ए, एस, टी, आर पण तिकडेच, उजवीकडे स्वर म्हणून आय, ओ, यू एवढेच. आणि खालच्या ओळीत तर एकही स्वर नाही, त्यामुळे तिथे शब्दच होत नाही.

तरी उजवीकडे एक दांडगा शब्द होता, हायपोलिम्नियन, ११ अक्षरं. डिक्शनरीत बघितलं तर खोल तलावाच्या तळाशी असतो तो गार पाण्याचा थर. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, तापलं की हलकं होतं, मग ते वरच राहतं आणि खालचं त्याच्यात मिसळत नाही. हे वाचलं आणि एकदम आमची मागल्या दारची विहीर आठवली, मे महिन्यात उडी मारली की छातीपर्यंत कोमट आणि पायाच्या बोटांना चटका बसल्यासारखं गार. शाळेत भूगोलाच्या बाईंनी असं सांगितलं असतं तर चार मार्क जास्त पडले असते.

आणि सगळ्यात भारी वरची ओळ. शोल्स नावाच्या अमेरिकन माणसाने १८६८ मधे टाइपरायटरचं पेटंट घेतलं, रेमिंग्टनने १८७४ मधे ती मशीन बाजारात आणली, आणि 'टाइपरायटर' या शब्दाची सगळी अक्षरं वरच्या एका ओळीत येतात. विक्रेत्याला गिऱ्हाइकासमोर पटकन मारून दाखवता यावा म्हणून तशी ठेवली असं लोक सांगतात, मला ती नंतर रचलेली गोष्ट वाटते. पण त्याच ओळीत प्रॉपर्टी होतं, प्रोप्रायटर होतं (दुकानाच्या पाटीवरचं 'प्रो. प्रा.' ते हेच, मला वाटायचं प्रोफेसर असतील), पर्पेच्युइटी होतं म्हणजे कायमचं, कधीच न संपणारं. टेरिटरी पण होतं आणि शेवटी पुअर पण होतं. ज्याच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं आहेत त्याला या ओळीचा अर्थ समजवायची गरज नाही.

आमचेही शब्द मी लावून बघायचो. डी-ई-व्ही-जी-ए-डी, देवगड पूर्ण डाव्या हाताचं! जुन्या कागदांवर मधे 'ओ' घालून लिहायचे, तेव्हा उजव्याची एक टिचकी लागायची. आणि के-ओ-के-यू-एम, कोकम सगळं उजव्या हाताचं. मालवणला दोन्ही हात पाहिजेत.

एक हात डावा, एक उजवा, असा आळीपाळीने जाणारा शब्द म्हणजे डिसमँटलमेंट, १३ अक्षरं, एकदा बोटं बसली की पाणी वाहिल्यासारखा सुटतो. अर्थ, सुटं सुटं करणं. क्लास बंद झाला तेव्हा योगायोगाने मी कणकवलीत होतो, भंगारवाला एकेक मशीन उलटी करून रोलर वेगळा, सांगाडा वेगळा टाकत होता आणि सर दारात उभं राहून वजन लिहून घेत होते.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आई. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली आणि परत धूसर दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, आफ्टरकॅटरॅक्ट आहे." नवीन भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात तिच्या मागच्या पडद्यावर पेशी वाढतात, तो पडदा गढूळ होतो, लेसरने मधे भोक पाडायचं, पाच-दहा मिनिटांचं काम, कापाकापी नाही. ते समजावत होते आणि माझी डावी बोटं मांडीवर चालू झाली, ए, एफ, टी, ई, आर... १३ अक्षरं, उजव्याची एकदाही गरज नाही. सरांच्या कागदावर खालून दुसरा हाच होता, अनेकवचनाचा एस धरून १४, आणि मी त्याचा अर्थ कधी बघितलाच नव्हता.

आई डोळ्यात थेंब घालून बसलेली, दिसत काहीच नव्हतं पण आवाज आला असणार.

"काय रे, तबलो वाजवतंस काय?"